स्प्रिंगच्या मागचं वायसर

४ एप्रिल, शनिवार
आजपण मी वजन. गाळाची बकेट पुढं उचलली की आमच्या लाल ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन सोडतात, म्हणून मागच्या फळीवर मी आणि सासरे बसायचं. नऊ ते एक. उजनीचं पाणी मागं हटलंय, काळा गाळ उघडा पडलाय, आणि त्यावर असं ऊन की डोळे उघडे ठेवणं अवघड. मामांचं वजन गव्हाच्या पोत्याएवढं पण नाही, तरी बसतात बिचारे. म्हणतात, "सूनबाई, तू हायस म्हणून ट्रॅक्टर जमिनीवर हाय."
चिंचोळीच्या कंपनीत होज, म्हणजे तेलाचे प्रेशरचे पाइप, टेस्टिंगला होते तेव्हा माझ्या सहीशिवाय एक होज गेटबाहेर जात नव्हता. सासूबाईंच्या आजारपणात चार महिन्यांसाठी म्हणून आले. त्या गेल्या. मी सात वर्षं इथंच. आता पोतं.
लोडर एवढा हळू उठतो की बकेट वर जाईपर्यंत मामांची तंबाखू मळून होते. वर गेली की आपोआप खाली बसते ते वेगळंच.

५ एप्रिल
आज ह्यांची पार शोभा झाली. गाळ सावडीवर आहे. पाच घरं, पाच ट्रॅक्टर, पाळीपाळीनं एकेकाच्या रानात ट्रॉल्या टाकायच्या. ज्याचं मशीन चालंना तो सावडीतून बाहेर. आमची पाळी शेवटची. माळावरचं तीन एकर नुसता मुरूम, गाळ पडला तरच तिथं काही उगवणार.
बकेट भरली, अर्ध्यात अडकली. मागं ट्रॉल्यांची रांग. शेजारचे बापूभावजी त्यांच्या नव्या ट्रॅक्टरवरनं ओरडले, "दत्ता, तुझा लोडर नवव्या महिन्यातल्या बाईगत उठतोय की!" सगळे हसले. हे पण हसले. मग भावजी जवळ येऊन हळू म्हणाले, "दोन दिवस बघ. न्हाई जमलं तर थांब बाबा यंदा. रांग तुंबती."
घरी ह्यांनी ताट तसंच सरकवलं. चार भाकरी खाणारा माणूस. "भूक न्हाई." मला बापूचा राग, ह्या माणसाच्या हसण्याचा राग, त्या लोखंडाचा तर विचारूच नका.

७ एप्रिल
दोन दिवस खोललं सगळं. तेल दुधाच्या चहासारखं, पाणी गेलंय आत. तेलाच्या जाळीत चिंध्यांचे धागे. जॅकची सीलं बिस्किटासारखी कडक, हातात तुकडे आले. जाळी धुतली, तेल बदललं, कुर्डुवाडीहून सील किट आणलं ते बसवलं. हे पाने देत होते. "बोला डॉक्टर, आता काय पायजे?" बरं वाटलं. लग्नानंतर एवढं सलग आम्ही बोललो नसू.
पंपाचा आवाज बरा आहे. रोग व्हॉल्व्हात. प्रेशर जास्त झालं की तेल परत सोडणारा तो व्हॉल्व्ह, त्याची स्प्रिंग थकलीय. लवकरच सुटतोय. अख्खा बदलायचा आणि प्रेशरचं गेज लावून सेट करायचा. कुर्डुवाडीचा मेस्त्री म्हणाला एवढ्या जुन्या मॉडेलचा पुण्याहून येईल, दहा-बारा दिवस. सावड दहा-बारा दिवस थांबती का?

८ एप्रिल
सकाळी ट्रायल. बकेट खाली बसायची थांबली. हे ओरडले, "हाणलं!" मग भरून उचलली. पाऊण वर गेली आणि सूंऽऽ. तिथंच. व्हॉल्व्ह सुटला.
ह्यांनी लिव्हर सोडली, खाली उतरले, हात पुसले. "उद्या बापूला सांगतो. यंदा न्हाई जमत." आणि म्हशीकडं गेले. पाठ बघवेना.
मी नटबोल्टच्या डब्यातनं दोन वायसर घेतली, नटाखाली टाकतात त्या लोखंडी चकत्या. व्हॉल्व्ह खोलला, स्प्रिंगच्या मागं टाकली, परत आवळला. स्प्रिंग दबली, आता व्हॉल्व्ह लवकर सुटणार नाही. पंधरा मिनिटांचं काम. हात एकदासुद्धा थरथरला नाही, ते लिहून ठेवते.
चार वर्षांपूर्वी अशीच वायसर टाकायला ह्यांनी हातात घेतली होती. मी हातातनं घेऊन उकिरड्यात फेकली आणि केवढी बडबडले. कुकरच्या शिट्टीवर कोण वरवंटा ठेवतं का, म्हटलं. आज मीच ठेवला.
हे परत आले. मी म्हटलं, "सील नीट बसलं नव्हतं, आता बघा." भरलेली बकेट सरळ वर. ह्यांचं तोंड बघून मला रडू आलं. आनंदानंच आलं, खोटं कशाला बोलू.

११ एप्रिल, शनिवार
सावडीत आमचा ट्रॅक्टर पहिल्या नंबरवर. बापूभावजींची बोलती बंद. बकेट आता एवढी भरतात की आमचं दोघांचं वजन पुरेना, मामांनी दगडांचा ड्रम मागं बांधला. मी वजनातनं सुटले.
हे भेटेल त्याला सांगतात, "आमच्या घरात इंजिनेर हाय. बाईनं केलंय सगळं, मी नुसतं पानं दिलं." दुसरा नवरा असता तर स्वतःच्या नावावर खपवलं असतं. हा माणूस माझं नाव घेतोय, आणि मला प्रत्येक वेळी वाटतं गप बसा हो, गप बसा.
पाच भाकरी खाल्ल्या. मोजल्या मी.

१३ एप्रिल
आज डबा घेऊन गेले तर हे चालू इंजिनवर होजवरनं तळहात फिरवतायत. "कुटं ओलं लागतंय का बघतोय." मी डबा टाकून पळाले. हात ओढला. सगळे बघत राहिले.
घरी सांगितलं परत. कंपनीत एका पोरीच्या अंगठ्यात असंच तेल घुसलं होतं. टाचणी टोचल्यासारखं झालं, रक्त नाही, दुखलं नाही. ती घरी गेली. तिसऱ्या दिवशी अंगठा काढला. तेल दिसत नाही, सुईहून बारीक धार असते, कातडीतनं सरळ आत.
"अगं, इथं सगळी हातच लावत्यात की. माझ्या बापानं जलमभर लावलाय." हे खरंच आहे. इथं पाइपाला हात लावणं म्हणजे गुराच्या अंगावरनं हात फिरवल्यागत. पण मामांच्या वेळी स्प्रिंगच्या मागं वायसर नव्हती. हे मी बोलले नाही.
पुठ्ठा कापून दिला. गळती बघायची तर हा धरायचा, तेल त्याच्यावर उमटतं. हे म्हणाले, "बरं डॉक्टर."

१५ एप्रिल
ज्याची भीती होती तेच. बापूभावजी ट्रॅक्टर घेऊन दारात. "वैनी, आमचंबी तेवढं करा की. दत्ता म्हणला करून देती."
ह्यांनी परस्पर कबूल केलेलं. काय सांगणार? सील बदलते म्हटलं, खोलली, तर सीलं नवीकोरी. हे शेजारी उभे, कौतुकानं बघतायत. नाही म्हटलं असतं तर आमचा कसा उचलतो ते सांगावं लागलं असतं. ह्यांना चहा ठेवायला पाठवलं आणि एक वायसर टाकलं. एकच. मनाला म्हटलं, नवा ट्रॅक्टर आहे, एकाला काही होत नाही.
मान वर केली तर भावजी बघत होते. डोळा मारला मेल्यानं. "आत्ता कळलं इंजिनेरिंग! न्हाई सांगत कुणाला, वैनी."

१७ एप्रिल
रेहानाला फोन केला. कंपनीत माझ्या बेंचवर होती, अजून तिथंच आहे. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग सांगितलं. जगात एकीला तरी.
ती सुटलीच. "तू? तू वायसर डाली? मेरा एक नट ढिला दिखा तो तू पूरा दिन बोलती थी मेरेकू! होज कौनसे हैं उसपे?" जुनेच, म्हटलं. "निकाल दे शैला. आजिच निकाल."
तिचा नवरा टेम्पो घेऊन जेऊरला येतो, त्याच्याबरोबर गेज पाठवते म्हणाली.

१८ एप्रिल
गेज आलं. हे अंघोळीला गेले तेव्हा लावलं. लोडरच्या प्लेटवर लिहिलंय जास्तीत जास्त १६० बार. काटा २३५ वर जाऊन थांबला.
होजवर एवढं प्रेशर आम्ही बेंचवर द्यायचो तेव्हा मधे जाड काच असायची. इथं काचेच्या जागी माझा नवरा बसतो.

१९ एप्रिल, रविवार
पहाटे एक वायसर काढलं. एक राहू दिलं. भित्री.
दहा वाजता फोन. "अगं, आज मेलंय हे. उचलंना. सील गेलं का काय? ये की जरा." गेले. सगळी सावड उभी. माझीच वाट बघत. मामा परत मागच्या फळीवर चढून बसलेले, ड्रमच्या शेजारी, काही उपयोग नसताना. आमच्या पाळीला तीन दिवस राहिलेत.
हे म्हणाले, "तू हात लाव, व्हईल." एवढा विश्वास. देव मानतात का काय मला.
काढलेलं वायसर पदराच्या गाठीत होतं. व्हॉल्व्ह उघडला. परत टाकलं. मनात म्हटलं आपली पाळी होऊ दे, माळावर गाळ पडू दे, बुधवारी दोन्ही काढते आणि सगळं सांगते. तीन दिवस.
बकेट उठली. टाळ्या वाजवल्या लोकांनी. मला तिथनं पळून जावंसं वाटलं पण कुठं जाणार, मागं पाणी आणि पुढं ट्रॉल्या.

२१ एप्रिल
पुठ्ठा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये घडी करून ठेवलेला सापडला. कोरा. एकदासुद्धा वापरला नाही. भांडले. हे हसले, "आगं व्हय, वापरतो." उद्या आपली पाळी. आनंदात आहेत. मामांनी माळावर नारळ फोडला.

२३ एप्रिल, सोलापूर. दवाखाना
कालचं लिहिते. क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.
साडेअकराला डबा घेऊन गेले. माळावर सहा ट्रॉल्या गाळ पडलेला, काळाभोर. हे खुशीत. भाकरी घ्यायला हात पुढं केला, तर डाव्या हाताचं पहिलं बोट पांढरं. मधल्या पेरावर टाचणीएवढा ठिपका.
"हे काय?"
"काटा मोडला असंल. मघाशी पाइप बघत हुतो तवा टोचलं जरा."
"कधी?"
"धा-साडेधा. दुखत न्हाई. खा की तू पण."
बोट दाबलं. टणक. मी म्हटलं, उठा, सोलापूरला जायचं, आत्ता. हे हसले. "येडी का काय! ठिपका हाय. पाळी सोडून जाऊ?" सावडीतले पण हसले. कुणीतरी म्हणालं, "वैनी, हळद लावा." मी ह्यांचा दंड धरून ओढत होते आणि हा माणूस जागचा हलेना. रात्री बघू म्हणाला. रात्रीपर्यंत बोट गेलं असतं.
मग मी ओरडले. सगळ्यांसमोर. "ते काटा नाही, तेल आहे! मी वायसर टाकलीत व्हॉल्व्हात. दोन. सील-बिल काही नाही. दीडपट प्रेशर चाललंय दोन आठवडे आणि मी खोटं बोलतेय तुमच्याशी!"
कुणी हसलं नाही मग. ह्यांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. माझ्याकडं बघितलं. मारलं असतं तर परवडलं असतं. उठले आणि बापूभावजींच्या जीपकडं चालायला लागले.
वाटेत एका डॉक्टरला दाखवलं, भावजींचा हट्ट. त्यानं टीटीचं इंजेक्शन दिलं, मलम दिलं, म्हणाला काही नाही, घरी जा. मी म्हटलं डॉक्टर, ह्यात मशीनचं तेल आहे प्रेशरनं गेलेलं. म्हणाला, बाई तुम्ही डॉक्टर का मी? मी भावजींना म्हटलं गाडी चालू करा. मोहोळच्या पुढं ह्यांना दुखायला लागलं. बोट वांग्यासारखं झालं. हे म्हणाले, "अजून किती लांब?"
वाटेतनंच फोन केला होता, रेहाना दवाखान्याच्या दारात उभी होती. कंपनीतल्या त्या पोरीला बघितलेलं तेच डॉक्टर तिनं गाठून ठेवले होते. पाचला आत नेलं. बोटापासून तळव्याच्या मध्यापर्यंत उघडलं. डॉक्टर म्हणाले तेल तळहातात पोचलंय, धुतलंय, जखम उघडीच ठेवलीय. आला नसता तर हात गेला असता. बोटाचं आत्ता सांगत नाही.
मला म्हणाले, "तुम्ही ओळखलंत हे बरं केलंत."

२४ एप्रिल
सकाळी परत आत नेऊन धुतलं. ह्यांना ताप. मी चमच्यानं पेज भरवली. मग म्हणाले,
"आधी का न्हाई सांगितलंस?"
"तुम्ही जेवला नव्हता त्या दिवशी."
"कवा?"
आठवतच नाही त्यांना. बापू हसला ते आठवतं, ताट सरकवलेलं नाही आठवत. मी त्या ताटासाठी एवढं केलं.
मग त्यांनी विचारलं, "बापूच्यात पण टाकलंस?" हो म्हटलं. "सांग त्याला. आत्ता."
फोन लावला. भावजी म्हणाले, "वैनी, माझं काल घरी गेल्या गेल्या काढलं." मग, "पर मी केममधल्या साडूला दाखवलं हुतं. त्यानं त्याच्या गावात चार-पाच जणांना टाकून दिलंय. तितनं पुढं किती गेलं काय सांगू. शैलावैनीचं वायसर म्हणत्यात त्याला."
साडूचा नंबर घेतला. तो म्हणाला, "ताई, झ्याक चाललंय की. कुणाचं काय झालं न्हाई अजून."
अजून.
कंपनीत सहा वर्षं काम केलं, माझ्या नावाचं तिथं काही नाही. गावात सात वर्षं, घराच्या उताऱ्यावर नाव नाही. नाव लागलं ते ह्याला. इथं स्टुलावर बसून मला त्या प्रत्येक गावात जाऊन एकेक व्हॉल्व्ह खोलावासा वाटतोय, आणि हे झोपेतसुद्धा उजव्या हातानं माझं मनगट सोडत नाहीत. रागानं धरलंय का आधारानं, कळत नाही.

२५ एप्रिल
ड्रेसिंग सोडलं तेव्हा हे म्हणाले, "फोटो काढ." मी नको म्हटलं. "काढ म्हणतो ना." उघडा हात, बोट काळपट, पेरापासून तळव्यापर्यंत चिरलेलं. सिस्टर पण बघत राहिली.
मग मोबाईल तोंडाशी धरून ह्यांनीच बोलून टाकलं. सावडीच्या ग्रुपवर, केमच्या, जेऊरच्या, ट्रॅक्टरवाल्यांच्या जेवढ्या ग्रुपवर आहेत तेवढ्या सगळ्यांवर. "मी दत्ता बोलतोय. ह्यो माझा हात हाय. व्हॉल्व्हातलं वायसर काढा रं. पाइपाला हात लावू नगा. बायकोनं पयलंच सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाई." दोन वायसर कुणी टाकली ते बोलले नाहीत. मी म्हटलं ते पण सांगा. "तेवढं ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि डोळे मिटले.
तेवढं राहू दे. म्हणजे परत मी त्याच ठिकाणी, खोटं झाकून. ह्यांच्याकडनं मोबाईल घेतला आणि माझ्या आवाजात सांगितलं, वायसर मी टाकली, मी शैला, ज्यांनी माझं नाव सांगून टाकली त्यांनी आज काढा. पाठवून दिलं.
तासाभरात साठ-सत्तर मेसेज. लवकर बरे व्हा दत्ताभाऊ. हात जोडलेले, फुलं, देवाचे फोटो. तिघांनी काढलं म्हणून लिहिलं, त्यातल्या एकानं फोटो पण टाकला. बाकीच्यांचं कळायला मार्ग नाही.
एक मेसेज अनोळखी नंबरवरनं, ग्रुपवर नाही, वेगळा, मला उद्देशून. "ताई नमस्कार. आपला आवाज ऐकला. माझा ट्रॅक्टर पण जुना आहे, बकेट उचलत नाही, सावडीतून काढतील म्हणतात. वायसर किती एमएमचं टाकायचं?"
चार वेळा वाचला. शिव्या टाईप केल्या, पुसल्या. नाव विचारायला हवं, गाव विचारायला हवं. त्याच्याकडं दोन निळ्या खुणा झाल्या असतील, म्हणजे मी वाचलं ते त्याला कळलंय. तो वाट बघत असेल.
पाच वाजले. डॉक्टर बोट बघायला आलेत, मला बाहेर थांबा म्हणाले.